डबे देणाऱ्या आईला किचन टेबलवर न्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईची एकसष्टी दोन महिन्यांवर आली आहे. आईने ठाण्यात २६ वर्षं डबे दिले, गेल्या वर्षी बंद केले. मुंबईतल्या एखाद्या मोठ्या रेस्टॉरंटात किचनमध्येच पाहुण्यांचं टेबल असतं, शेफ समोर उभा राहून वाढतो, तिथे आईला सरप्राइज म्हणून न्यायचं तुमच्या मनात आहे. तुम्ही पाच जण, आई शुद्ध शाकाहारी. मोजलेल्या पैशांचं चीज होतं का, की नुसता देखावा असतो?

मी २४ वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये काढली आहेत. सुरुवात मुंबईत एका पंचतारांकित हॉटेलच्या बँक्वेटमध्ये, मग सात वर्षं लंडन, मग परत मुंबई. त्यातली सहा वर्षं अशा किचनमध्ये गेली जिथे सहा खुर्च्यांचं टेबल आतच होतं, पासपासून चार पावलांवर. पास म्हणजे ज्या लांब ओट्यावर ताटलीवरून शेवटचा हात फिरतो आणि ती वाढणाऱ्याच्या हवाली होते, तो ओटा. तर तुम्ही ज्या टेबलाबद्दल विचारताय, त्याच्या पलीकडच्या बाजूला मी उभा असायचो. तिथून जे दिसलं ते सांगतो.

पैशांचं पुढे लिहितो. पण प्रश्न दोनदा वाचल्यावर मला जाणवलं की तुमच्या मनातली धाकधूक वेगळीच आहे. जिचं निम्मं आयुष्य गॅससमोर गेलं तिला तिच्या दिवशी पुन्हा स्वयंपाकघरातच नेऊन बसवायचं, हे तिला आवडेल का? की 'आजही शेगडी काही सुटली नाही' असं वाटेल? हे शेवटी आईच्या स्वभावावर आहे. काही बायकांना स्वयंपाकघर सुटल्याचा आनंद इतका असतो की त्यांना समुद्राकाठची खुर्ची आणि आयतं ताट हवं असतं, आणि त्यात काहीच वावगं नाही. पण माझा अनुभव विचाराल तर या टेबलाचा खरा आनंद स्वतः राबलेल्या माणसालाच होतो. बाकीच्यांना तिथे आगीचे लोळ आणि पोरांची पळापळ दिसते. राबलेल्याला त्या पळापळीतलं गणित दिसतं.

एक प्रसंग सांगतो. आमच्या टेबलावर एकदा एक कुटुंब आलं होतं, मुलाला बढती मिळाली म्हणून. सोबत त्याची आई, साठीच्या पुढची, रत्नागिरीकडची. पहिले तीन कोर्स तिचं लक्ष ताटापेक्षा गॅसकडेच जास्त. समोर आमचा एक कोमी, म्हणजे सगळ्यात ज्युनियर पोरगा, सुक्या खोबऱ्याचा कीस भाजत होता. कडेचा कीस तांबूस झाला होता, मधला अजून फिका, आणि तो आच तशीच ठेवून हलवत होता. बसल्या जागेवरून ती म्हणाली, "आता गॅस बंद कर रे. पॅन तापलाय, उरलेलं त्याच्यातच होईल." पोराने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. त्याने गॅस बंद केला आणि नुसता हलवत राहिला. अर्ध्या मिनिटात सगळा कीस एका रंगावर आला, मग त्याने तो ट्रेवर पसरला. त्यानंतर त्या बाई मोकळ्या झाल्या. एवढ्या ताटल्या एका वेळी गरम कशा ठेवता, पोरं जेवतात कधी, रात्री घरी कसं जातात, सगळं विचारलं. मुलगा मधूनमधून "आई, जेव ना" म्हणत होता. त्या जेवत होत्याच.

त्या कोमीला मी नंतर दोन-तीनदा दुसऱ्या कोमींना तेच वाक्य सांगताना ऐकलं.

तुमची आई याच जातकुळीतली असेल असं मला वाटतं. २६ वर्षं रोज ठरल्या वेळेला डबे बाहेर काढणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळतं. कुणी पोळ्या लाटायच्या, भाजी कुणाच्या ताब्यात, डबे कुणी भरायचे आणि झाकणं कुणी लावायची, अशी वाटणी तिने कधीतरी बसवलीच असेल. फ्रेंच शेफ ऑगस्ट एस्कॉफिए यांनी लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात १८९० पासून किचनची वाटणी अशीच शिस्तीत बसवली: सॉसचा माणूस वेगळा, भाज्यांचा वेगळा, मिठाईचा वेगळा, आणि सगळ्यांचं काम एका ठिकाणी जुळवणारा एक. आजही मोठं किचन त्याच वाटणीवर चालतं. किचन टेबलवर बसलं की ही वाटणी डोळ्यांसमोर चालताना दिसते. केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, छापून येते, पासवरचा शेफ ती मोठ्याने वाचतो, चार कोपऱ्यांतून "यस शेफ" येतं, आणि बारा मिनिटांनी चार कोपऱ्यांतल्या चार वस्तू एकाच ताटलीत एकाच वेळी गरम पोचतात. हे बघायला मिळणं हीच त्या टेबलाची खरी किंमत. पदार्थ तर बाहेरच्या टेबलावरही बहुतेक तेच मिळतात.

आता दोन अटी. या पाळल्या नाहीत तर मात्र मी म्हणेन, जाऊ नका.

पहिली अट: सरप्राइज ठेवू नका. हे मी पोटतिडकीने सांगतोय, कारण सरप्राइजपायी विस्कटलेली एक संध्याकाळ मी जवळून पाहिली आहे. मी तेव्हा जिथे काम करत होतो तिथे एका मुलीने वडिलांच्या पंचाहत्तरीला टेबल घेतलं होतं, त्यांना काहीच न सांगता. वडील कानाला यंत्र लावत. किचनचा एक्झॉस्ट सतत घरघरत असतो, त्यात भांड्यांचा खणखणाट आणि ऑर्डरींचा पुकारा. यंत्राने तो सगळा आवाज वाढवून त्यांच्या कानात ओतला. दुसऱ्या कोर्सला त्यांनी यंत्र काढून खिशात ठेवलं आणि पुढचे दोन तास कुणाचंच बोलणं न ऐकता शांतपणे जेवले. मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं. चूक आमचीही होती. बुकिंग घेताना आम्ही साधं विचारायला हवं होतं की पाहुण्यांपैकी कुणाला ऐकण्याचा, उष्णतेचा, उंच खुर्चीवर चढण्याचा त्रास आहे का. तेव्हापासून मी विचारायला लागलो. सगळीकडे विचारतातच असं नाही, म्हणून तुम्हीच आपणहून सांगा.

आईच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. जी बाई आयुष्यभर सगळ्यांना वाढून शेवटी जेवली, तिला अचानक अशा ठिकाणी नेऊन बसवलं, चार पोरं तिच्यासाठी राबताना दिसली, तर ती अवघडून जाईल. उठून ताटल्या गोळा करायला लागेल. लंडनमध्ये मी हे होताना बघितलं आहे: एक आजी दर कोर्सनंतर सगळ्यांच्या ताटल्या एकावर एक रचून वेटरच्या हातात द्यायच्या. आधी सांगितलं तर आईच्या मनाची तयारी होते. काय विचारायचं, काय बघायचं हे ती स्वतः ठरवते. दोन महिने वाट बघण्यातही आनंद आहे, तो तिच्याकडून काढून घेऊ नका. आणि सांगितल्यावर ती "नको गं, तिथे काय जायचं" म्हणाली तर ते पहिलं नको आहे की खरं नको आहे, हे लेक म्हणून तुम्हालाच कळेल.

दुसरी अट: टेबलासमोर काय आहे ते विचारून घ्या. शाकाहारी माणसासाठी ही गोष्ट मेनूपेक्षा मोठी आहे आणि ती कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्या ताटात सगळं शाकाहारी येईल हो, पण नजरेसमोर सहा फुटांवर कुणी मासा साफ करत असेल, बदकाचे तुकडे करत असेल, हाडांचा स्टॉक उकळत असेल, तर आईच्या घशाखाली घास उतरणार नाही. वास तर सगळीकडे असतोच. म्हणून फोनवर स्पष्ट विचारा: "टेबलवरून कुठला सेक्शन दिसतो?" पेस्ट्रीचा किंवा पासचा भाग समोर असेल तर उत्तम. मीट किंवा फिशचा सेक्शन असेल तर दुसरी जागा शोधा. काही ठिकाणी खुर्च्यांची दिशा बदलून देतात, काही ठिकाणी त्या रात्री कापाकापीचं काम आतल्या खोलीत नेतात. मागितलं तर मिळतं. आम्ही जैन पाहुण्यांसाठी हे नेहमी करायचो.

'शाकाहारी' हा शब्द पुरेसा नाही, तो उलगडून सांगा. अंडं चालतं का? केकमधलं चालतं पण ऑम्लेट नको, असं असेल तर तेही सांगा. जिलेटिन चालणार नाही, कारण ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून होतं आणि मूस, पन्ना कोटा, मार्शमेलो यांत सर्रास असतं. खरं पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनेच, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या विरजणाने, करतात, तो त्या चीजचा नियमच आहे. जपानी पद्धतीचा दाशी स्टॉक बहुधा सुकवलेल्या माशाचा असतो. थाई धाटणीच्या पदार्थात फिश सॉस असतो. चांगला शेफ हे सगळं स्वतःहून बघतो, पण अकरा कोर्सच्या मेनूत पंचवीस-तीस छोटे घटक असतात आणि एखादा निसटू शकतो. तळणाचं तेल आणि चिमटे वेगळे हवेत का, तेही आईला विचारून ठेवा. कांदा-लसूण ती खाते, पण चातुर्मासात सोडते का? तारीख ठरवताना कॅलेंडर उघडून गुरुवार, संकष्टी, एकादशी बघा. हसू नका, ऐन वेळी "अगं आज माझा उपवास" असं झालेलं मी तीनदा पाहिलं आहे. एकदा तर शेफने राजगिरा आणि रताळ्यावर आख्खं जेवण उभं केलं. ते सुंदर झालं, पण दोन दिवस आधी कळलं असतं तर किती सोपं गेलं असतं.

आता टेबलाचे प्रकार. 'शेफ्स टेबल' हे नाव हल्ली कशालाही लावतात, त्यामुळे नावावर जाऊ नका. एक असतं खरोखर किचनच्या आत मांडलेलं टेबल. शिकागोत चार्ली ट्रॉटर यांचं रेस्टॉरंट १९८७ ते २०१२ चाललं, तिथलं किचनमधलं टेबल जगभर गाजलं आणि त्यानंतर ही कल्पना पुष्कळ ठिकाणी गेली. दुसरा प्रकार काउंटरचा: उघडं किचन आणि त्याला लागून खुर्च्या. जपानी सुशीच्या दुकानांत हे पूर्वापार चालत आलं आहे. न्यूयॉर्कला ब्रुकलिनमध्ये एका किराणा दुकानाच्या शेजारी १८ खुर्च्यांच्या अशाच काउंटरला मिशेलिन या रेस्टॉरंट गाइडचे सर्वोच्च, म्हणजे तीन तारे मिळाले होते. मुंबईत बांद्र्याला 'पापाज' १२ खुर्च्यांच्या काउंटरवर चालतं. तिसरा प्रकार म्हणजे काचेपलीकडे किचन दिसणारी खाजगी खोली. मोठ्या हॉटेलांत 'शेफ्स टेबल' म्हणून बऱ्याचदा हीच मिळते.

तुमच्यासाठी कुठला? आईचे गुडघे कसे आहेत यावर ठरवा. काउंटरच्या खुर्च्या उंच असतात, पाय लोंबकळतात, तीन तास तसं बसणं साठीनंतर सोपं नाही. आणि पाच जण काउंटरवर ओळीत बसले की या टोकाचं त्या टोकाला ऐकू जात नाही, आई मध्ये बसली तरी दोघांशीच बोलणं होतं. काचेची खोली आरामाची असते, पण आवाज, वास, उष्णता काहीच पोचत नाही, मूक चित्रपट बघितल्यासारखं होतं. त्यापेक्षा आतलं खरं टेबल, साध्या उंचीच्या पाठीच्या खुर्च्या, पाच-सहा जणांपुरतं, हे तुमच्या कामाचं. ते मिळालं नाही तर टेस्टिंग मेनूची, म्हणजे शेफने ठरवलेले छोटे छोटे कोर्स ओळीने वाढणारी, चांगली जागा निवडा आणि जेवणानंतर किचन दाखवाल का असं विचारा. महालक्ष्मीच्या जुन्या मिलच्या आवारात २०१६ पासून चालणाऱ्या 'मास्क'सारख्या ठिकाणी शाकाहारी टेस्टिंग मेनू वेगळा असतो, त्यामुळे आईला 'मांसाहारातून मांस काढून उरलेलं' खावं लागत नाही. हा फरक ताटात लगेच कळतो.

वेळेचं सांगतो, कारण अर्धी मजा वेळेवर आहे. शनिवार टाळा. शनिवारी किचनला श्वास घ्यायला फुरसत नसते आणि शेफ तुमच्याशी दोन शब्दही नीट बोलू शकत नाही. मंगळवार-बुधवार चांगले. साडेसातला जाऊन बसा. तेव्हा पोरं आपापल्या जागा लावत असतात: चिरलेलं, वाटलेलं, मोजलेलं सगळं छोट्या डब्यांत ओळीने, प्रत्येकावर तारखेची पट्टी. आईला हे दृश्य फार आवडेल. मुंबईचं जेवण उशिराचं, गर्दी पावणेनऊनंतर चढते. तोवर तुमचे तीन-चार कोर्स झालेले असतात, पोटात आधार असतो आणि मग खरी धांदल बघायला मिळते. दहाच्या सुमारास ती ओसरते, तेव्हा शेफ टेबलाशी येऊन निवांत बोलतो. उशिरा बसलात तर भूक, धांदल आणि उकाडा सगळं एकदम अंगावर येतं.

घरात कुणाला मधुमेह असेल, जेवणाआधीची गोळी असेल, तर पहिला घास किती वाजता समोर येईल हे विचारून घ्या. टेस्टिंग मेनू अडीच-तीन तास चालतो, दोन कोर्समध्ये पंधरा-वीस मिनिटं जातात आणि सुरुवातीचे कोर्स अगदी एका घासाचे असतात. "साडेसातला बसल्या बसल्या थोडं पोटभरीचं द्या" म्हटलं तर कुठलंही किचन आनंदाने देतं.

आणि हो, पैठणी नको. तळणाचा आणि धुरीचा वास रेशमात बसला की ड्रायक्लीनशिवाय जात नाही. सुती साडी, पदर खोचलेला किंवा पिन केलेला. किचनची फरशी ओलसर असते, तेव्हा न घसरणारी चप्पल. एकसष्टीचे फोटो पैठणीत हवे असतील तर सकाळी घरी औक्षण कराल तेव्हा काढून घ्या.

आता पैसे. मुंबईत चांगल्या ठिकाणचा टेस्टिंग मेनू माणशी पाच हजारांच्या पुढे धरून चला. पाच जणांचे, मद्याशिवाय, करांसकट तीस ते चाळीस हजार होतील. आतल्या टेबलाला काही जागी किमान खर्चाची अट असते, म्हणजे तुम्ही पाच असलात तरी आठ जणांचे पैसे. ते आधी विचारा. कराचा फरकही मोठा आहे: स्वतंत्र रेस्टॉरंटात जीएसटी ५ टक्के, पण खोलीचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर जाणाऱ्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटात १८ टक्के. तीस हजारांच्या बिलावर १,५०० कुठे आणि ५,४०० कुठे. सेवाशुल्क देणं बंधनकारक नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसे निर्देश काढले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. माझं मत असं की बिलातलं सेवाशुल्क नम्रपणे काढायला सांगा आणि त्याऐवजी टिप द्या, पण देताना विचारा, "किचनलाही यातलं मिळतं का?" नसेल तर वेगळं पाकीट पासवर द्या. त्या रात्री तुम्हाला जे दिसलं ते किचनने दाखवलेलं असतं.

'पैशांचं चीज होतं का' याचं माझं उत्तर: पोट भरायच्या हिशेबाने नाही. तेवढ्या पैशांत आख्ख्या नातेवाइकांना हॉलमध्ये पंगत देता येईल, आणि आईला माणसांचा गोतावळा हवा असेल तर तेच करा. पण आईला कामाची नजर असेल आणि पाच जणांतच दिवस घालवायचा असेल, तर मी पदरमोड करून नेईन. चाळीस हजार ओढाताणीचे असतील तर तिसरा मार्ग आहे, तो कमी प्रतीचा मुळीच नाही. एखाद्या मध्यम, मालक स्वतः किचनमध्ये उभा राहतो अशा रेस्टॉरंटला फोन करा, दुपारचं जेवण घ्या आणि तीन वाजता, सर्व्हिस संपल्यावर, आईला किचन दाखवाल का असं विचारा. सांगा की तिने २६ वर्षं डबे दिलेत. हे ऐकून नाही म्हणणारा शेफ मला अजून भेटायचाय.

हेच वाक्य मोठ्या ठिकाणीही बुकिंग करताना सांगा. हा माझा तुम्हाला सगळ्यात कामाचा सल्ला आहे. ॲपवरच्या चौकटीत 'वाढदिवस' असं टिक केलं की जेवणानंतर एक मेणबत्ती आणि ताटलीवर चॉकलेटने लिहिलेलं नाव येतं, बस. त्यापेक्षा दुपारी साडेतीन ते पाचच्या मध्ये फोन करा. तेव्हा दुपारची सर्व्हिस आटोपलेली असते आणि संध्याकाळची सुरू व्हायची असते, शेफ जागेवर सापडतो. फोन उचलणाऱ्याला म्हणा, शेफशी किंवा सू शेफशी, म्हणजे त्याच्या खालोखालच्या शेफशी, दोन मिनिटं बोलायचंय. मग सांगा: आई ६० पूर्ण करतेय, २६ वर्षं ठाण्यात डबे देत होती, दिवसाला किती डबे, कुठले पदार्थ तिच्या हातचे नावाजलेले. शाकाहारी म्हणजे नेमकं काय तेही तेव्हाच. मुख्य शेफ त्या रात्री स्वतः पासवर असेल का, हे विचारायला संकोच करू नका. मोठे शेफ हल्ली महिन्यातले कित्येक दिवस प्रवासात असतात.

असा एक फोन आमच्या किचनला आला की काय होतं ते सांगतो. संध्याकाळच्या ब्रीफिंगला, म्हणजे साडेसहाच्या आसपास सगळी टीम उभी राहून दिवसाचं ऐकते तेव्हा, सू शेफ वाचून दाखवतो: "टेबल वन, पाच कव्हर, एक बर्थडे, पूर्ण व्हेज, अंडं नाही. बाई स्वतः टिफिन चालवायच्या, २६ वर्षं." पोरांच्या माना वर होतात. त्यातले निम्मे अशाच कुणाच्या डब्यावर कॉलेज किंवा पहिली नोकरी काढलेले असतात. त्या रात्री त्या टेबलाची ताटली पुसताना हात आणखी जपून चालतो. आणि एखादा तव्याशी उभा असलेला पोरगा हमखास विचारतो, "काकू, तुम्ही एवढ्या पोळ्या मऊ कशा ठेवायचा?"

म्हणून तिला बोलू द्या. बाकीचे चौघं तुम्ही पदार्थांचे फोटो एकेकच काढा आणि ताटली आली की लगेच खा, कारण सॉस साय धरतो, कुरकुरीत ते मऊ पडतं. पासवर पुकारा चालू असताना शेफला प्रश्न विचारू नका, तो थांबला की विचारा. केक बाहेरून नेऊ नका, तिथलीच मिठाई घ्या. आईला तिच्या हातचं काही न्यायचं असेल, चकली, कडबोळी, काहीही, तर ते किचनच्या पोरांसाठी न्या आणि गेल्या गेल्या सू शेफच्या हातात द्या. सर्व्हिस संपल्यावर रात्री साडेअकराला ते उभ्या उभ्या संपतं, हे मी खात्रीने सांगतो.

आणि बसताना आईला पासकडे तोंड करून बसवा. बहुतेक जण मोठ्या माणसाला मानाची म्हणून भिंतीकडची खुर्ची देतात आणि नेमकी तीच काही ठिकाणी किचनकडे पाठ करून असते. आत शिरल्यावर आधी उभं राहून बघा, हात कुठून दिसतात ते, आणि ती खुर्ची तिला द्या. तुमची पाठ किचनकडे आली तरी चालेल.